मेथडिस्टांच्या मैदानावर नारळ

घर, हवामान आणि अक्कल विसरायला लावून माणसांना एका जागी जमवण्याची ताकद जगात दोनच गोष्टींत आहे: धर्मात आणि चेंडूत. मी कोल्हापूरचा, त्यामुळे चेंडूबद्दल तरी अधिकाराने बोलू शकतो. आमच्याकडे दोन तालमींच्या संघांचा फुटबॉल सामना असला की पेठेतली दुकानं बंद होतात, आणि पंचाला पोलिसांच्या गाडीतून घरी सोडावं लागतं. या दोन ताकदी एकत्र केल्या तर काय होईल, हे पाहायची संधी मला निवृत्तीनंतर, २००६ सालच्या नोव्हेंबरात, इंग्लंडमध्ये मिळाली. एकत्र केल्यावर साधारण चौदा माणसं येतात, असं दिसलं.

लेस्टर, गुरुवार

मीनल ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. नवरा प्रसाद इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे, आणि तो घरी असतो तेव्हा झोपलेला असतो. मीनल लेस्टरपासून अर्ध्या तासावरच्या एका लहान गावातल्या विद्यापीठात नोकरी करते. तिच्या पदाचं नाव इतकं लांब आहे की ते पाठ होईपर्यंत मी परत आलो. थोडक्यात, लोकांना विद्यापीठाकडे बोलावणं हे तिचं काम.

हे विद्यापीठ शंभरेक वर्षांपूर्वी मेथडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी शिक्षक घडवण्यासाठी काढलं. त्यांच्या मूळ दस्तऐवजात लिहिलं आहे की या जमिनीवर दारू पिता येणार नाही. आजवर कोणी पीत नाही. निदान जमिनीवर उभं राहून नाही.

पहिल्याच रात्री जेवताना मीनलने विषय काढला.

"मामा, मला तुमची हेल्प हवीय. पुढचा नाही, त्याच्या पुढचा वेन्सडे. दुपारी दीड वाजता. ग्राउंडवर तीनशे माणसं लागतात."

"कशाला?"

"फुटबॉल बघायला."

हकीकत अशी. त्यांचे कुलगुरू दोन वर्षांपूर्वी अमेरिकेला गेले होते. तिथलं एक धार्मिक विद्यापीठ त्यांनी पाहिलं. त्याच्या फुटबॉल संघामागे अख्खा देश वेडा आहे, ज्यांनी ते विद्यापीठ कधी डोळ्यांनी पाहिलं नाही असे लोकही. कुलगुरू परत आले ते हेच स्वप्न घेऊन. आपणही राष्ट्रीय पातळीवर पाठीराखे उभे करायचे. खेळ तिकडचा वेगळा, इकडचा वेगळा, हा तपशील त्यांनी बाजूला ठेवला. मैदानाच्या कडेला एक छोटा स्टँड बांधला, संघाला जांभळे शर्ट दिले आणि मीनलला नेमलं.

पण ब्रिटनमधल्या विद्यापीठांचे सामने बुधवारी दुपारी होतात. त्या दुपारी तास नसतात, खेळायचं असतं. खेळणारे मोकळे असतात आणि बघू शकणारा देश कामावर असतो. दोन वर्षांत सरासरी चौदा माणसं आली, त्यांतला एक जण कुत्रा फिरवायला येणारा होता.

आता विद्यापीठाच्या काउन्सिलने अट घातली होती. या मोसमातल्या शेवटच्या घरच्या सामन्याला, पंचाची पहिली शिट्टी वाजेल त्या क्षणी, तीनशे प्रेक्षक हजर हवेत, आणि ते सगळे याच गावचे नसावेत. तसं झालं तर संघ, स्टँड आणि मीनलची नोकरी राहील. नाहीतर तिथे कार पार्क होईल.

"तू लेस्टरच्याच कॉलेजात बरी होतीस," मी म्हणालो.

"हो. तो परमनंट जॉब सोडून इथे आले. प्रसाद रोज आठवण करून देतो." तिने माझ्या ताटात भात वाढला. "मी कार पार्क होऊ देणार नाही, मामा. तुम्ही कोल्हापूरचे. लोक का येतात, तेवढं सांगा."

"शेजाऱ्याला हरलेलं बघायला."

"आमचे लोक शेजाऱ्यासाठी प्रेयर करतात."

"मग अवघड आहे," मी म्हणालो.

विद्यापीठ, शुक्रवार

कुलगुरू उंच, प्रामाणिक आणि चष्म्याची दांडी चावत बोलणारे गृहस्थ निघाले. त्यांनी मला मैदान दाखवलं. स्टँड पत्र्याचा, पायऱ्या सहा. मैदानावर दिवे नाहीत, कारण शेजारच्या शेतकऱ्याच्या मेंढ्यांना उजेडाचा त्रास होतो असं पत्र त्याने लिहिलं होतं. एका माणसाच्या पत्राने विद्यापीठाचे दिवे अडतात, हे पाहून मला त्या देशाबद्दल आदर वाटला. आमच्याकडे मेंढ्यांनाच हलवलं असतं.

"लोकांना कशावर तरी निष्ठा ठेवायची असते," कुलगुरू म्हणाले. "चर्च ओस पडली. पण ती भूक गेली नाही."

बोलताना ते ओस पडलेल्या स्टँडकडे पाहत होते. मी मान डोलावली. चाळीस वर्षं इतिहास शिकवल्यामुळे मान डोलावणं मला छान जमतं.

नंतर विद्यापीठाच्या पाद्रीणबाई भेटल्या, रेव्हरंड जोन. साठीच्या, आखूड केसांच्या, पायात चिखलाचे बूट. मेथडिस्टांत बायका पाद्री होतात. बाईंच्या मते संघात एकच दोष होता: पडलेल्या प्रतिस्पर्ध्याला हात देऊन उठवण्याच्या नादात आमचे खेळाडू चेंडू विसरतात.

"आणि तुमचे प्रेक्षक?" मी विचारलं.

"ते दोन्ही बाजूंच्या गोलला टाळ्या वाजवतात. आम्ही त्यांना तसंच शिकवलंय."

दुपारचं जेवण विद्यापीठाच्या खाणावळीत झालं. सालासकट भाजलेला एक भलामोठा बटाटा, त्यावर गोड टोमॅटोच्या रसातल्या शेंगदाण्याएवढ्या घेवड्याच्या बिया. तिखट मागितलं तर मिरपूड मिळाली. मी आमच्या तांबड्या रश्श्याची आठवण दाबून खाल्लं. मीनल समोर कागदावर आकडे मांडत होती. गावातले आणि चर्चमधले ऐंशी, विद्यार्थी साठ, लेस्टरच्या महाराष्ट्र मंडळाचे साठ.

"उरलेले शंभर?"

तिने पेन खाली ठेवलं. "मामा, अमेरिकेत त्या टीमच्या मागे कोण होते माहितीय? मी वाचलं. आयरिश मजूर. त्यांच्यातले बहुतेक कॉलेजची पायरी चढले नव्हते. ते फॉलो करायचे, कारण बाकीच्या अमेरिकेत त्यांना कोणी आपलं म्हणत नव्हतं."

"मग?"

"मग काय! इथले आयरिश आपण."

त्या क्षणी मला प्रथमच वाटलं की हिला जमेल. कुलगुरूंना अमेरिकेत स्टेडियम दिसलं होतं. हिला माणसं दिसली होती.

ब्रिस्टल, शनिवार

ब्रिस्टलला चंद्रकांत गायकवाड राहतात. विमानांच्या कारखान्यात इंजिनीअर, नुकतेच निवृत्त. तिकडच्या बौद्ध मराठी मंडळींच्या संघटनेचे ते चिटणीस. घरात शिरताच मीनल "जय भीम, काका" म्हणाली. त्यांनी प्रसन्नपणे उत्तर दिलं, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही कोल्हापूरचे ना? मग इथला चहा सहन करा."

चहा चांगला होता. सोबत गायकवाडबाईंनी केलेले कांदेपोहे. इंजिनीअरच्या घरातले पोहे असल्यामुळे कांदा एका मापाने चिरलेला होता.

मीनलने सगळं मांडलं. अमेरिकेतले आयरिशसुद्धा सांगितले. ऐकून झाल्यावर गायकवाडांनी चष्मा काढून पुसला.

"मीनल, एक विचारू? हे विद्यापीठ आम्हाला आत घेणार, की फक्त स्टँडवर बसवणार?"

मी पोह्यातला शेंगदाणा शोधू लागलो.

"आज स्टँडवरच, काका," मीनल म्हणाली. "खोटं कशाला बोलू. पण तिथून आत जायचं दार मी उघडते. काय हवं ते सांगा."

"ग्रंथालयात एक कपाट. आमच्या चळवळीची पुस्तकं, मराठी आणि इंग्रजी. पुस्तकं आम्ही देऊ. कुलूप लावायचं नाही, तळघरात ठेवायचं नाही. वाचनालयात, खिडकीजवळ."

मीनलने तिथूनच कुलगुरूंना फोन लावला. शनिवारी दुपारी कुलगुरू बागेत पानं झाडत होते. पाच मिनिटं ती उभ्याउभ्या बोलली, आणि फोन ठेवून म्हणाली, "खिडकीजवळ."

"मग एकोणपन्नास सीटची कोच करतो," गायकवाड म्हणाले. "रिटायर्ड लोक आहेत, नाइट ड्युटीच्या नर्सेस आहेत. बुधवारची दुपार आमच्याकडेच मोकळी असते. फुटबॉल टिकेल न टिकेल, कपाट टिकतं."

निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "तुमचे ते लेस्टरचे डॉक्टर सहस्रबुद्धे असणारच तिथे?"

"मंडळाचे अध्यक्ष आहेत, म्हणजे असणारच."

"मग नारळ फुटणार. हौसेने फोडा, पण मला त्याला हात लावायला सांगू नका."

हॅरो, रविवार

लंडनमधल्या हॅरोला आम्ही मेट्रोपॉलिटन लाइनच्या लोकलने गेलो. डब्यात चार भाषा ऐकू आल्या, त्यांतली इंग्रजी चौथी. तिथल्या मराठी ज्येष्ठांच्या गटाचं नेतृत्व मालतीताई पेंडसे करतात. निवृत्त भूलतज्ज्ञ. चाळीस वर्षं माणसांना झोपवून, आता कोणालाही स्वस्थ बसू देत नाहीत. त्यांच्या बैठकीच्या खोलीत आठ बायका आणि दोन पुरुष बसले होते. पुरुष जवळजवळ शोभेचे.

"फुटबॉल? या थंडीत?" एक बाई म्हणाल्या.

"दारू नसते तिथे," मीनल म्हणाली. "आरडाओरडा नसतो. चहा फ्री, केक फ्री. स्टँडला छत आहे."

"आणि टॉयलेट?"

"दोन. हीटिंग आहे."

मालतीताईंनी हात वर केला. चर्चा संपली. "आम्ही येतो. पण एवढ्या लांब येऊन लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरच्या आपल्या दुकानांत न जाता परत फिरणार नाही. आधी साड्या, मग सामना."

आता मी बोललो. "ताई, खरेदी सामन्यानंतर ठेवा. आधी ठेवलीत तर तुम्ही पोचणार नाही."

"नोव्हेंबरात चार वाजता अंधार पडतो हो. ट्यूबलाइटमध्ये साडीचा रंग कळतो का कधी?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आपल्याला आता भूल देण्यात येणार आहे असं मला वाटलं. "साडेनऊला उतरू, साडेबाराला निघू. आम्ही वेळेच्या पक्क्या आहोत."

मीनलला त्यांच्या कोचमधली बावन्न माणसं हवी होती. ती हो म्हणाली. परतीच्या गाडीत मी तिला म्हणालो, "पोरी, तू चूक केलीस."

"मामा, कुणाला येऊ नका सांगण्यापेक्षा लेट येऊ दे." मग खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "लेट नाही येणार. मी त्यांना दर अर्ध्या तासाने फोन करीन."

मैदान, बुधवार

सकाळपासून ढग होते, पण पाऊस नव्हता. प्रतिस्पर्धी संघ शेजारच्या परगण्यातल्या कॅथलिक कॉलेजचा. शेजारी आणि दुसऱ्या पंथाचे. कोल्हापुरात एवढ्यावर दंगल उभी राहिली असती. इथे चर्चच्या बायका पाहुण्या संघाला फ्लॅपजॅक वाटत होत्या. हा ओट आणि काकवीचा चिवट वडीसारखा प्रकार असतो. तो खाताना कुणाचा द्वेष करता येत नाही, कारण तोंड उघडत नाही.

दारात काउन्सिलचे एक वृद्ध सभासद उभे होते, हातात क्लिकर घेऊन. माणूस आत आला की टिक. सव्वाला ब्रिस्टलची कोच आली. गायकवाडांनी आपली माणसं दोनदोनच्या रांगेत उतरवली. टिक, टिक, एकोणपन्नास. लेस्टरचं मंडळ डब्यांसह हजर: बटाटेवडे, लाल चटणी, आणि टोप्या घातलेल्या काकू. एक वीसला दोनशे पन्नास झाले.

हॅरोची कोच नव्हती.

मीनल स्टँडमागे फोनवर होती. "मालतीताई, तुम्ही अजून शॉपमध्ये आहात? ... नाही, काठ नंतर बघा! ... ताई, प्लीज. सगळ्यांना कोचमध्ये बसवा. एकसुद्धा साडी नाही आता." फोन बंद करून ती म्हणाली, "निघतायत म्हणे. पाऊण तास तरी लागेल. किकऑफ दहा मिनिटांत आहे."

"पंचाला सांग थांबायला."

"सांगितलं. तो भूगोलाचा शिक्षक आहे. घड्याळाशिवाय कशावर विश्वास नाही त्याचा. आणि त्याला काळोख पडायच्या आत संपवायचंय."

तेवढ्यात डॉक्टर सहस्रबुद्धे पुढे सरसावले. निवृत्त सर्जन, अंगावर कोट, कोटावर शाल. त्यांनी माइक मागितला. तो नव्हता, पण त्यांना त्याची गरज कधीच नव्हती. सातासमुद्रापार मराठी माणसाने काय काय केलं, हे त्यांनी आधी मराठीत आणि मग इंग्रजीत सांगितलं. मग कुलगुरूंना शाल आणि श्रीफळ दिलं. मग पाद्रीणबाईंना शाल आणि श्रीफळ दिलं. दोघेही श्रीफळ बाळाला धरावं तसं धरून उभे राहिले. मग डॉक्टरांनी तिसरा नारळ काढला, बेलग्रेव्ह रोडवरून आणलेला, शेंडीसकट.

"मैदानाचं शुभकार्य! आपली परवानगी आहे ना, रेव्हरंड?"

जोनबाईंनी प्रेमाने मान हलवली. नारळ गोलपोस्टला वाहून बाजूला ठेवतील, असं त्यांना वाटलं असावं. मला धोका कळला. शेजारी गायकवाड हाताची घडी घालून आभाळाकडे पाहत होते.

डॉक्टरांनी कॉर्नरच्या झेंड्याजवळच्या सिमेंटच्या कठड्यावर नारळ आपटला. फुटला नाही, उसळून मैदानात गेला. आमचा गोलकीपर धावला आणि त्याने तो व्यवस्थित झेलला. टाळ्या पडल्या. मोसमातला त्याचा तो सर्वोत्तम झेल होता असं नंतर कळलं. त्याने नारळ परत आणून दिला. डॉक्टरांच्यातला सर्जन आता दुखावला होता. दुसऱ्या वेळी त्यांनी दोन्ही हातांनी, सगळ्या ताकदीने आपटला.

नारळाचा अक्षरशः स्फोट झाला. पाणी पांढऱ्या रेषेवर सांडून चुना वाहिला, आणि तुकडे पार पेनल्टी बॉक्सपर्यंत गेले.

मराठी मंडळींनी टाळ्या वाजवल्या. पंचाने तोंडातली शिट्टी काढली आणि सावकाश चालत आला. त्याने करवंटीचा एक तुकडा उचलून अंगठ्याने धार पाहिली.

"यावर कोणी पडला तर?" त्याने विचारलं. "सगळे तुकडे मिळेपर्यंत मी सामना सुरू करणार नाही."

"किती तुकडे होते?" कुलगुरूंनी विचारलं.

सगळे डॉक्टरांकडे पाहू लागले. ऑपरेशननंतर पोटात किती बोळे राहिले असं विचारल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

मग दोनशे पन्नास माणसं मैदानात उतरली. मेथडिस्ट म्हाताऱ्या, ब्रिस्टलच्या नर्सेस, मंडळाच्या काकू, दोन्ही संघांचे खेळाडू, सगळे ओणवे होऊन गवत चाचपू लागले. कॅथलिक संघाचा प्रशिक्षक गुडघ्यांवर बसला होता आणि त्याच्याशेजारी मेथडिस्ट पाद्रीणबाई. दोन्ही पंथांना एवढ्या जवळ गुडघे टेकताना त्या परगण्यात कधी कोणी पाहिलं नसेल.

"अहो वहिनी, तो दगड आहे."

"करवंटीच आहे ती."

"करवंटीला शेवाळ लागतं का लगेच?"

गोष्ट सोडवली गायकवाडांनी. चर्चच्या बायकांकडून त्यांनी केकचा ट्रे आणि सेलोटेप मागून घेतला. "तुकडे मोजून काय उपयोग? मूळ संख्याच माहीत नाही. जोडून बघायचे. भोक उरलं तर तुकडा बाहेर आहे." चाळीस वर्षं विमानांचे भाग जोडलेला माणूस स्टँडच्या पायरीवर बसून नारळ परत बांधू लागला. ज्या नारळाला हात लावायचा नाही म्हणाला होता, तोच.

"काका, तुम्ही!" मीनल म्हणाली.

"आता हा नारळ नाही," ते म्हणाले. "आता हा प्रॉब्लेम आहे."

वीस मिनिटांत करवंटी उभी राहिली. एक भोक राहिलं, तिकोनी, दोन बोटं जातील एवढं.

मी सहज ओव्हरकोटच्या खिशात हात घातला, थंडीने. बोटांना काहीतरी तिकोनी लागलं.

नारळ फुटला की आपला हात आपोआप पुढे जातो. एक तुकडा माझ्या बुटाशी पडला होता. मी तो उचलला, दाताने खोबरं सोडवून खाल्लं, आणि करवंटी टाकायला पेटी दिसेना म्हणून खिशात ठेवली. बासष्ट वर्षांची सवय. इतिहासाचा शिक्षक म्हणून परीक्षेत कॉप्या पकडण्यात माझी हयात गेली, आणि आता पुरावा माझ्याच खिशात होता.

मी मीनलला गाठलं. कानात सांगितलं.

तिने गेटकडे पाहिलं. उत्सुकतेने आत शिरलेले पोस्टमन आणि कुत्रेवाले धरून क्लिकर दोनशे एकोणसाठवर होता. तिने घड्याळाकडे पाहिलं. मग अगदी शांतपणे म्हणाली, "मामा, हात खिशातून काढू नका."

"अगं, हे धार्मिक विद्यापीठ आहे."

"म्हणूनच तुम्हाला खोटं बोलायला नाही सांगत. फक्त हात खिशात ठेवायला सांगतेय. थंडी आहे."

मी हात खिशात ठेवून उभा राहिलो. लोक शोधत होते. पंच आभाळाकडे पाहत होता. जोनबाई माझ्याजवळून जाताना थांबल्या, माझ्या खिशाकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, बहुधा ओठाला खोबरं लागलं होतं, आणि पुन्हा गुडघ्यांवर बसून गवत चाचपू लागल्या.

दोन वाजून वीस मिनिटांनी हॅरोची कोच आली. बावन्न माणसं आणि मोजता येणार नाहीत एवढ्या पिशव्या. टिक, टिक, टिक.

"उशीर झाला का गं?" मालतीताईंनी विचारलं.

"नाही ताई," मीनल क्लिकरकडे पाहत म्हणाली. "अगदी वेळेवर."

मी पेनल्टी बॉक्सपाशी गेलो, वाकलो, आणि हात वर केला. टाळ्यांचा जो कडकडाट झाला, तसा माझ्या कुठल्याच व्याख्यानाला झालेला नाही. गायकवाडांनी तुकडा भोकात बसवला. चपखल बसला. पंचाने करवंटी फिरवून पाहिली आणि दोन वाजून पंचवीस मिनिटांनी शिट्टी वाजवली. क्लिकरवर तीनशे अकरा.

जोनबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. "तो सापडावा म्हणून मी प्रार्थना करत होते," त्या म्हणाल्या. "देवाला घाई मात्र केली नाही."

सामन्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. हॅरोच्या बायका कोणी पडला की "अगं बाई, पाणी द्या त्याला कुणीतरी!" म्हणून ओरडायच्या, आणि मेथडिस्ट बायका टाळ्या वाजवायच्या. उत्तरार्धात आमच्या संघाने गोल केला. चेंडू कोणाच्या पायाला लागून गेला यावर अजून एकमत नाही. पण तीनशे अकरा माणसं एकदम उठली. डॉक्टर सहस्रबुद्ध्यांनी गायकवाडांना मिठी मारली, गायकवाडांनी मारू दिली. मीनल स्टँडच्या शेवटच्या पायरीवर बसून रडत होती आणि बटाटेवडा खात होती. एका लहान विद्यापीठाच्या मागे माणसं उभी राहतात ती कशाने, हे मला तिथे बसल्यावर थोडंसं कळलं. त्या गर्दीतल्या बऱ्याच जणांना या देशात ओरडायला आपली अशी बाजू पहिल्यांदाच मिळाली होती.

चारनंतर अंधार दाटला. मैदानापलीकडे मेंढ्या निवांत चरत होत्या.

त्या शुक्रवारी काउन्सिलची बैठक झाली. संघ राहिला, स्टँड राहिला, मीनलला आणखी तीन वर्षं मिळाली. खिडकीजवळचं कपाट मी स्वतः पाहिलं, उघडं होतं. कुलगुरूंनी भाषणात या सामन्याला विद्यापीठाच्या इतिहासातलं सोनेरी पान म्हटलं, आणि स्टँडवर पितळी पाटी बसवली: या ठिकाणी, या दिवशी, देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या तीनशे अकरा प्रेक्षकांसमोर आमचा संघ खेळला. तारीख खाली कोरली आहे.

लेख लिहिण्यापूर्वी सामन्याचा निकाल नक्की करावा म्हणून मी मीनलला फोन केला. तिने लीगच्या कार्यालयात विचारून कळवलं. आम्ही जी शेवटची शिट्टी समजलो, ती पंचाने अंधारामुळे, अकरा मिनिटं बाकी असताना, खेळ थांबवायला वाजवली होती, आणि पूर्ण न झालेला सामना त्यांच्या नियमात धरत नाहीत. लीगच्या नोंदीत त्या तारखेपुढे 'सामना झाला नाही' असं आहे.